बोअरचं पाणी

पहिल्या तासाला बिराजदार मॅडम विचारतात,
सोन्याचा रंग कोणता?
अख्खा वर्ग हसतो. हे काय विचारणं झालं.
तेवढ्यात मी मागच्या दारानं ट्रे घेऊन आत येतो,
माझं काम तेवढंच.

मेथ्या भिजवल्यासारखं पिवळं पाणी
हॉटप्लेटवर उकळतं.
मॅडम त्यात लिंबातल्या आंबटाचं मीठ सोडतात.
रंग जातो. पार जातो.
दर वेळी मला वाटतं, फसलं.
मग शाईचा एक ढग,
आणि बघता बघता डाळिंब.

"हेच सोनं," त्या म्हणतात, "फक्त बारीक.
एका केसाच्या जाडीत पाच हजार कण ओळीनं बसतील.
इतकं लहान झालं की सोनं हिरवा उजेड गिळतं,
तुमच्या वाट्याला तांबडा ठेवतं."

पहिल्या बाकावरून कावेरी महामुनी म्हणाली होती,
"आमच्या दुकानात हे सांगितलं
तर बाबा म्हणतील, तांबं मिसळलंय."
तीच पोरगी पुढं पीएचडीला आली.
तेजाबाचा वास तिला घरूनच सवयीचा.

सोन्याच्या क्षाराची बाटली एक ग्रॅमची.
तीन कोटेशनं, सात महिने, प्राचार्यांच्या चार सह्या.
त्यातला कण कण ती रोज उकळायची
आणि रोज ते निळं व्हायचं.
निळं, मग काळपट, सकाळी तळाशी काजळी.
एकवीस दिवस.
लाईट जाते म्हणून असेल, म्हणाली.
क्षारच खोटा असेल, म्हणाली.
बाविसाव्या दिवशी काहीच म्हणाली नाही,
वहीवर डोकं ठेवून बसली.

मला माहीत होतं.
डिस्टिल्ड वॉटरच्या भांड्याची कॉइल जळाली होती,
कॅन नांदेडहून यायचा होता,
आणि मी बोअरच्या पाण्यानं काच खंगाळत होतो.
चकचकीत दिसायची.
चोवीस वर्षं काच धुतोय,
दिसण्यावर विश्वास ठेवला.

मॅडमनी फ्लास्क उन्हात वाळवला,
खिडकीकडं धरला.
तळाशी पांढरी कडी.
माझ्याकडं बघितलं नाही.
"चाँदपाशा, एक ग्लास बोअरचं आणा.
आणि मुलांना बोलवा."

गेल्या वर्षीचं तांबडं थोडं शिल्लक होतं.
एक थेंब, दोन थेंब.
सहाव्याला डाळिंबाचं जांभूळ झालं.
"क्षार शिरला की कण एकमेकांना चिकटतात.
घोळका झाला की रंग बदलतो."
मागून कुणीतरी, "माणसांसारखंच की!"
"माणसांचं मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या,
"हे मोजता येतं."

सोमवारी पोरं बाटल्या घेऊन आली.
जळकोट, देवणी, वाढवणा, हंडरगुळी.
कुठं चार थेंब, कुठं अकरा.
वलांडीचं पाणी कितीही ओता, तांबडंच.
ते पोरगं घाबरलं, आपलंच चुकलं म्हणून.
फिल्टरचं निघालं.

त्यावर कावेरीचा पेपर झाला.
शेवटी आभारात माझं नाव घालायचं म्हणाल्या.
"हे काय करलालाव मॅडम?
बाटली नीट धुतली नाही म्हणून आभार?"
त्या हसल्या. लिहिलंच.

त्यातली एक नळी माझ्या कपाटात आहे,
बुचाला मेण लावून.
जूनमधली नवी पोरं विचारतात, काका, रूहअफजा?
सोनं, म्हणतो मी,
आणि लेसरची कांडी लावतो.
साध्या पाण्यातून उजेड गेलेला कळत नाही,
यातून जाताना ताणलेल्या दोरीसारखा दिसतो.
पोरं थोडा वेळ गप्प.

मग एखादा विचारतोच,
विकलं तर किती येतील?

कावेरीनं एकदा हिशेब केला होता.
साडेतीन रुपये.
नळीच पंधराची आहे.